ताण पिकाचा आणि ताण माणसाचा

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्याच्या पत्रकावर तीन विषय छापले आहेत : कापसाची खरेदी, पीकविमा आणि रानडुकरांचा बंदोबस्त. चौथा विषय छापलेला नाही, तो आम्ही मागून घेतला. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळा लागतो की नाही, घरात बापलेक एकमेकांशी बोलतात की नाही, आणि नसतील तर मदत कोणाची घ्यायची, असा हा विषय आहे. आता ही मदत घरबसल्या फोनवर मिळू शकते. तिला ऑनलाइन थेरपी म्हणतात, समुपदेशन म्हणतात. नाव काहीही असो, ती काय चीज आहे, तिचा आपल्याला कितपत उपयोग आहे आणि कुठे नाही, हे आज हिशेबाने पाहायचे आहे.

कपाशीला पाते लागायच्या वेळी पावसाने वीस दिवस दडी मारली तर आपण काय म्हणतो? पऱ्हाटीला ताण बसला, असे म्हणतो. पाते गळते, फुले गळतात. पऱ्हाटी नखरे करते, असे कोणी म्हणत नाही. झाड मनाने कच्चे निघाले, असेही म्हणत नाही. जमिनीत ओल राहिली नाही, म्हणून जे पेलवत नव्हते ते झाडाने टाकून दिले, हे आपल्याला सरळ कळते. मुरमाड रानात ताण लवकर दिसतो, भारी काळ्या रानात उशिरा दिसतो. पण पाऊस आलाच नाही तर काळ्या रानातही तो दिसतोच.

हाच शब्द माणसाला लावायची वेळ आली की आपली जीभ अडखळते. माणसाला ताण बसला म्हणायच्या ऐवजी आपण म्हणतो, याचे डोके फिरले, याच्यात दम नाही, याला बाहेरची बाधा झाली. मानसिक आजार म्हटले की आपल्याला एकच चित्र दिसते : नागपूरच्या किंवा येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे दार. त्या दाराच्या भीतीने हजारो माणसे कोणाला एक शब्द न बोलता दिवस काढतात.

पातळी ओलांडली हे कसे ओळखायचे?

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. बाहेरून बोंड हिरवेगार दिसते, वेचणीला गेल्यावर कळते की आत कवडी झाली आहे. म्हणून आपण डोमकळ्या शोधतो, कामगंध सापळे लावतो. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजतो आणि फवारणीचा विचार करतो. एक पतंग दिसला म्हणून कोणी पंप खांद्याला लावत नाही.

माणसाच्या बाबतीत डॉक्टर मंडळींनी अशीच पातळी ठरवली आहे. मन सतत उदास असणे किंवा कशातच गोडी न वाटणे, यांपैकी निदान एक गोष्ट. तिच्यासोबत झोप मोडणे, अन्न नको वाटणे, अंगात त्राण नसणे, कामात लक्ष न लागणे, आपण घराला ओझे झालो असे वाटणे, मरणाचे विचार येणे, यांतली काही चिन्हे. आणि हे सगळे सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज. बाजारातून कापूस पाडून मागितला म्हणून एक रात्र झोप लागली नाही, तो आजार नव्हे. पण दोन आठवडे म्हणजे पातळी ओलांडली. मरणाचा विचार मात्र या मोजणीत बसवायचा नाही. तो आला तर दोन आठवडे थांबायचे नाही, त्याच रात्री बोलायचे.

पुरुष माणसात ही चिन्हे पुष्कळदा वेगळी सोंगे घेऊन येतात. गडी रडत नाही, तो चिडतो. बैलावर हात उगारतो, मग बायकोवर उगारतो. रोजची क्वार्टर दोन होते. छातीत धडधडते, डोके धरते, पित्त उसळते, म्हणून तो गावातल्या डॉक्टरकडे सलाईन लावून येतो. सलाईनचे पैसे जातात आणि दुखणे जिथल्या तिथे राहते.

बायामाणसांचे दुखणे तर कोणी विचारतच नाही. निंदण, वेचणी, स्वयंपाक, सासऱ्याचे दुखणे, मुलीची फी, बचतगटाचा हप्ता आणि नवऱ्याचा राग, हे सगळे एका डोक्यावर. सातबारावर नाव नाही, म्हणून तिची काळजीही हिशेबात नाही. शेतमजुराचेही तेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ या वर्षासाठी शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या नोंदवल्या. त्यांत ५,२०७ शेतकरी होते आणि ६,०८३ शेतमजूर. म्हणजे ज्याच्या नावावर धुराही नाही, तो या आकड्यात निम्म्याहून जास्त आहे. सगळ्या राज्यांत आपल्या महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता.

'भाव द्या, सल्ला नको'

हा विषय काढला की सभेत एक आवाज हमखास उठतो : 'आमच्या डोक्याला काही झालेले नाही. कापसाला भाव द्या, झोप आपोआप लागेल.' हा आक्षेप खोटा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला होता. जाहीर झालेला भाव आणि दारात आलेल्या व्यापाऱ्याने सांगितलेला भाव यांच्यामधल्या खड्ड्यात ज्याची झोप गेली, त्याला कोणी म्हणाले की तुझ्या विचारात दोष आहे, तर त्याने चिडावे हेच बरोबर.

म्हणून एक गोष्ट स्वच्छ सांगतो. समुपदेशन हा भावाला पर्याय नाही. ज्या दिवशी कोणी अधिकारी म्हणेल की हमीभावाच्या ऐवजी तुमच्यासाठी समुपदेशनाचे शिबिर भरवले आहे, त्या दिवशी आपण त्या शिबिराच्या दारात सत्याग्रहाला बसू.

पण बियाणे बोगस निघाले तर आपण काय करतो? तालुक्याला तक्रार देतो, पंचनामा मागतो, भरपाईसाठी भांडतो. आणि त्याच आठवड्यात, ओल आहे तोवर, दुबार पेरणीही करतो. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत रान पडीक ठेवू असे कोणी म्हणत नाही, कारण हंगाम थांबत नाही. माणसाचेही तसेच आहे. भावाची लढाई दहा वर्षे चालेल. ज्याला तीन आठवडे झोप नाही, त्याला दहा वर्षे नाहीत, त्याला उद्याची सकाळ गाठायची आहे. शिवाय ज्याला झोप नाही तो शेतीचे निर्णयही धड घेऊ शकत नाही. नको तिथे सही करतो, घाबरून कापूस पडत्या भावात काढतो, सावकाराकडे जमिनीचा कागद देऊन बसतो. आंदोलनालाही असा माणूस येत नाही, तो घराबाहेरच पडत नाही. भाव मिळवायचा तर भाव मागणारा माणूस शाबूत पाहिजे.

फोनवर नेमके काय होते?

२०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत मनाच्या आजारांची पाहणी केली. त्या वेळी प्रौढ माणसांपैकी शंभरात दहाहून जास्त लोकांना कसला ना कसला मानसिक आजार होता, आणि उपचाराची गरज असलेल्यांपैकी शंभरात सत्तरहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता. कारण उघड आहे. मनोविकारतज्ज्ञ शहरात बसतात. कोरडवाहू गावातून जिल्ह्याला जायचे तर एसटीचे भाडे, एका दिवसाची मजुरी आणि गावाचा प्रश्न : 'कुठे गेला होता?' फोनने हे तिन्ही खर्च कमी केले. ऑनलाइन उपचाराची खरी करामत एवढीच आहे.

पहिल्या बोलण्यात समुपदेशक तुमचे नाव-गाव, घरात कोण कोण आहे, त्रास कधीपासून आहे, झोप, भूक, दारू, जुने आजार हे विचारतो. मरणाचे विचार येतात का, हेही तो सरळ विचारतो. दचकायचे नाही. विचारल्याने असा विचार मनात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून छातीवरचा दगड हलतो. मग आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरते. एक बैठक साधारण पाऊण तासाची असते. हलक्या-मध्यम त्रासाला सहा ते आठ बैठकांत फरक पडू लागतो.

त्या पाऊण तासात तो उपदेश करत नाही. 'धीर धरा, सगळे ठीक होईल' हे तर शेजारीही सांगतो, त्यासाठी फोन कशाला? तो कामे देतो. उदाहरणार्थ, सगळे कर्ज एका कागदावर लिहा : बँकेचे किती, सोसायटीचे किती, कृषी केंद्राची उधारी किती, पाहुण्यांचे हातउसने किती, सावकाराचे किती आणि व्याज काय. पुष्कळ घरांत हा आकडा कागदावर कधीच आलेला नसतो. तो रात्री अंधारात डोक्यात फिरतो आणि फिरता फिरता दुप्पट होतो. मग त्या कागदाचे दोन भाग करायचे : आपल्या हातातले आणि आपल्या हातात नसलेले. पाऊस हातात नाही. बँकेत जाऊन पुनर्गठनाचा अर्ज देणे हातात आहे. विनापरवाना सावकार जमीन गिळायला बसला असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करणे हातात आहे. मग या आठवड्यात एकच काम करायचे आणि पुढच्या बैठकीत सांगायचे.

बंद पडलेल्या गोष्टी थोड्या थोड्या सुरू करणे हेही काम असते. भजनाला जाणे बंद झाले आहे, पारावर बसणे बंद झाले आहे, ते आधी सुरू करायचे. मन लागेल तेव्हा जाऊ असे नाही, गेले की मन हळूहळू लागते. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगथ या संस्थेने या रीतीची चाचणी घेतली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी शंभरात ६४ जण उदासीनतेच्या आजारातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारावर ३९.

आपल्या जवळचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातले आहे. तिथे ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प दीड वर्ष चालला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर या विषयावर बोलणे सुरू केले. आधी उदासीनतेने आजारी असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचाराला जात होते, नंतर २७.२ टक्के जाऊ लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. कापसाचा भाव त्या प्रकल्पाच्या हातात नव्हता, तरी एवढे झाले.

गोवा आणि अमरावती ही दोन्ही कामे समोरासमोर बसून झालेली आहेत, हे लक्षात ठेवा. पण हलक्या-मध्यम त्रासात फोनवर किंवा व्हिडिओवर झालेली थेरपीही समोरासमोरच्या थेरपीच्या जवळपास पोचते, असे बहुतेक अभ्यास सांगतात. आपली अडचण वेगळी आहे : घर दोन खोल्यांचे, फोन एक, आणि रेंज विहिरीजवळ. यावर लोकांनीच वाटा काढल्या आहेत. कोणी जागलीला गेल्यावर मचाणावरून बोलतो. कोणी बाई वेचणी आटोपल्यावर धुऱ्यावरच्या निंबाखाली बसून बोलते. व्हिडिओची गरज नाही, साधा कॉल चालतो. लेखी बोलण्यापेक्षा आवाजात बोलणे आपल्याला सोपे जाते.

एका घराची गोष्ट

संमती घेऊन आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक घर सांगतो. आठ एकर कोरडवाहू, पाच एकर कपाशी, बाकी ज्वारी आणि तूर. मुलगा बारावी झालेला, वय सत्तावीस, लग्न जमत नाही. शेतकरी मुलाला मुलगी कोणी देत नाही, हे दुखणे आज घरोघर आहे. मुलाचे म्हणणे, दोन एकर विका आणि मालवाहू गाडी घ्या. बापाचे म्हणणे, जमीन विकली तर मेल्यासारखेच. त्यावरून चार महिने दोघांत बोलणे नाही. आई मध्ये निरोप्या. बाप रात्री दोनला उठून अंगणात फेऱ्या घालायचा.

पहिला फोन आईने लावला. पुष्कळ घरांत असेच होते. ती आधी स्वतःबद्दल बोलली, दुसऱ्या खेपेला नवऱ्याच्या हातात फोन दिला. तो पहिल्या बैठकीत दहा मिनिटे नुसता हं, हं म्हणत होता. समुपदेशकाने त्याला शेतीतले काहीच सांगितले नाही. विचारले एवढेच, की तुम्ही शेवटचे पोटभर कधी जेवलात? त्यावर गडी बोलता झाला.

चौथ्या बैठकीला मुलगाही बसला. तिथे तीन नियम ठरले. हिशेबाचे बोलणे रविवारी सकाळी करायचे, रात्री जेवताना करायचे नाही. एक बोलतो तेव्हा दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. आणि समोरचा काय म्हणाला ते आधी आपल्या तोंडाने परत सांगायचे, मग उत्तर द्यायचे. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण बापाला पहिल्यांदा कळले की मुलाला जमिनीचा राग नाही, त्याला गावात तोंड दाखवायची लाज वाटते. आणि मुलाला कळले की बापाच्या नावावर कृषी केंद्राची उधारी किती आहे. तोपर्यंत त्याला तो आकडाच माहीत नव्हता.

आज त्या घरावरचे कर्ज एका रुपयाने कमी झालेले नाही. गाडीचा वादही मिटलेला नाही. पण बाप झोपतो. पुनर्गठनाचा अर्ज घेऊन बापलेक दोघे मिळून बँकेत गेले. आठ बैठकांची एवढीच कमाई. आम्हाला विचाराल तर ती थोडी नाही.

कोणाशी बोलावे, कोणाशी बोलू नये

सर्वांत आधी सरकारी सोय. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. नंबर १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर तज्ज्ञाशी जोडून देतो. जिल्हा सामान्य रुग्णालयातही मनोविकार विभाग असतो. आपल्या राज्यात २०१५ साली विदर्भ आणि मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला, त्यात आशाताईंना अशी घरे ओळखायला शिकवले. म्हणून गावच्या आशाताईलाही विचारा.

फुकटच्या सेवेत एक उणीव असते : दर वेळी तोच माणूस फोनवर येईल असे नाही. एकाच माणसाकडे सलग आठ बैठका हव्या असतील तर खासगी थेरपिस्ट मिळतात. एका बैठकीला साधारण पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत घेतात. काही जण परिस्थिती पाहून कमी करतात. विचारायला लाजू नका, बाजारात आपण भाव करतोच.

पैसे देण्याआधी चार गोष्टी पाहा. एक, शिक्षण. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध तोच लिहितो, आणि काही औषधे फोनवरून लिहून देता येत नाहीत. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचे नाव भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदलेले असते, नोंदणी क्रमांक मागा. 'समुपदेशक' ही पाटी मात्र कोणीही लावतो, म्हणून शिक्षण विचारा. दोन, भाषा. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याला दर वेळी समजावून सांगावे लागते, त्याच्याकडे तुमचे पैसे समजावण्यातच जातील. तीन, कागद. समुपदेशनाला सातबारा, पासबुक, ओटीपी काही लागत नाही. मागितला तर फोन ठेवून द्या. कर्ज देणाऱ्या ॲपांनी लोकांची कशी फजिती केली ते आपण पाहिले आहे. चार, फोनवर माणूस आहे ना, हे पाहा. आजकाल यंत्रही गोड उत्तरे देते. रात्री मन मोकळे करायला कोणी ते वापरत असेल, पण तुमच्या जिवाची जबाबदारी यंत्र घेत नाही.

दोन-तीन बैठकांत त्या माणसाशी सूर जुळला नाही तर दुसरा पाहा. एक वाण आपल्या जमिनीत आला नाही म्हणून आपण शेती सोडत नाही, वाण बदलतो.

गुप्ततेचेही सांगतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचार देणाऱ्याने तुमची माहिती बाहेर द्यायची नाही, असे त्यात बंधन आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे यांसारखे मोजकेच अपवाद त्यात आहेत. पोलिसांचीही भीती नको. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असे कायद्याने धरायचे आहे, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याची काळजी घेणे सरकारवर बंधनकारक आहे. जुने ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलेच नाही.

फोन पुरत नाही तेव्हा

ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, ज्याने जीव द्यायचे मनाशी पक्के केले आहे, त्याला फोनवर सोडायचे नाही. त्याच्यासोबत बसायचे, एकटे ठेवायचे नाही आणि दवाखान्यात न्यायचे. अनेक वर्षांची रोजची दारू एका दिवसात बंद करून हातपाय थरथरायला लागले, भास व्हायला लागले, तर ते दवाखान्याचेच काम आहे. तिथे समुपदेशन नंतर. घरात मारहाण होत असेल तर बाईने १८१ किंवा ११२ लावावा. नवराबायकोला एकत्र बसवून समजूत घालणे हा तिथे उपाय नाही, आधी ती सुरक्षित पाहिजे. आणि डॉक्टरने गोळी दिली तर तिला असर दाखवायला दोन-तीन आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून मनानेच बंद करायची नाही.

आणखी एक काम प्रत्येक घराने आजच करावे, त्रास असो वा नसो. फवारणीची औषधे राहत्या घरात ठेवू नका. लागतील तेवढीच आणा, उरलेली पेटीला कुलूप लावून घरापासून दूर ठेवा, आणि ज्याचे मन ठिकाणावर नाही त्याच्या हाती किल्ली देऊ नका. मरणाची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, ती ओसरेपर्यंत वेळ मिळाला की माणूस वाचतो. श्रीलंकेने जास्त जहरी कीटकनाशके एकामागून एक बंद केली. १९९५ नंतर पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून कितीतरी खाली आले.

आपले काम

मंडळी, आता आपल्या शाखांनी काय करायचे ते सांगून थांबतो. ठराव तीनच आहेत.

पहिला : प्रत्येक शाखेच्या फलकावर १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहायचा. कृषी केंद्राच्या भिंतीवर, सोसायटीच्या दारावर, जिनिंगच्या काट्यापाशी लिहायचा. जिथे काळजी मोजली जाते तिथे तो दिसला पाहिजे.

दुसरा : प्रत्येक गावात एक पुरुष आणि एक बाई अशा दोघांनी ताणाच्या दिवसांवर नजर ठेवायची. हे दिवस आपल्याला पाठ आहेत. जूनमधली दुबार पेरणी, भाद्रपदातली उघाड, फुटलेल्या कापसावरचा पाऊस, मार्चमधली वसुली, मुलीचे लग्न. त्या दिवसांत जो पारावर यायचा थांबला, त्याच्या घरी जायचे. सल्ला द्यायचा नाही. बसायचे, चहा घ्यायचा, 'झोप लागते का?' एवढे विचारायचे आणि ऐकायचे. गरज दिसली तर आपल्या फोनवरून नंबर लावून त्याच्या हातात द्यायचा आणि आपण दूर जाऊन उभे राहायचे. ऐकलेले कोणाला सांगायचे नाही. ज्याच्या तोंडात गोष्ट टिकत नाही त्याला या कामावर नेमू नका.

तिसरा : जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञ आलाच पाहिजे आणि औषधे तिथेच मिळाली पाहिजेत. ज्या गावांत रेंज नाही त्यांची यादी सोबत जोडायची. फोनवर उपचार देतो म्हणणाऱ्या सरकारने आधी फोन लागेल अशी सोय करावी. हे निवेदन कापसाच्या निवेदनाला जोडूनच द्यायचे, वेगळे नाही. दोन्ही मागण्या एकाच शेतकऱ्याच्या आहेत.

आता समोर बसलेल्यांपैकी कोणाला वाटत असेल की हे सगळे आपल्याबद्दलच चालले आहे, तर त्याने हात वर करायची गरज नाही. सभा संपल्यावर घरी जा, जेवा, आणि शेतावर गेलात की नंबर लावा. पहिले वाक्य सुचत नसेल तर एवढेच म्हणा : 'मला ताण बसला आहे.' पुढचे ते विचारतील.

जय हिंद, जय किसान.